नागेशची चार बोटं

महाडकडचा नागेश फौजेत नाईक होता. सियाचिनच्या बर्फात त्याच्या उजव्या पायाची चार बोटं गेली आणि मेडिकल बोर्डाने त्याला घरी पाठवलं. पुढे एका एजंटने फॉर्मवर ‘शारीरिक व्यंग नाही’ असं लिहून त्याला शारजाला आणलं. हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्याच्या गेटवर तो बारा-बारा तास उभा राही, बुटाच्या टोकात कापूस कोंबून. चार वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही.

२००१च्या जानेवारीत मराठी मंडळाने सेना दिन साजरा करायचं ठरवलं. मंडळाचे सेक्रेटरी विजयकुमार त्याच कारखान्यात परचेस मॅनेजर होते. गेटवर गाडी थांबवून ते म्हणाले, “नागेश, तू एक्स-आर्मी ना? शुक्रवारी तुझा सत्कार. कुठे होतास, काय लागलंबिगलं, सगळं सांग.”

इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. नागेश भडाभडा बोलला. मग घाबरून म्हणाला, “साहेब, पायाचं मात्र स्टेजवर नको. कंपनीत कळलं तर खलास.”

“अरे, मी आहे ना!”

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, हॉल गच्च भरला. भाषण रंगात आलं तसे विजयकुमार माइकवर ओरडले, “या जवानाने देशासाठी पायाची चार बोटं दिली!” लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पहिल्या रांगेतून विजयकुमारांची मुलगी इरा म्हणाली, “डॅडी, कॅन आय सी?”

“दाखव रे, दोन मिनिटं,” विजयकुमार त्याच्या कानाशी पुटपुटले.

नागेशने खाली बसून बूट काढला. कापसाचा बोळा स्टेजवर पडला. फ्लॅश उडाले.

रविवारी पेपरात फोटो आला. सोमवारी, ऐन सेना दिनाला, एचआरने त्याचा व्हिसा कॅन्सल केला. तो विजयकुमारांच्या केबिनमध्ये गेला.

“साहेब, तुम्ही शब्द दिला होता.”

“मी चांगल्या भावनेनेच केलं. फॉर्मवर खोटं मी लिहिलं का?” त्यांनी फाइलमधून मान वर केली नाही. “आता इथे थांबू नकोस. उगाच माझं नाव यायचं.”

संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. विनिता, त्याची बायको, आनंदात होती.

“अहो, सत्काराचं गावभर झालंय. सव्वीस जानेवारीला शाळेतही तुमचा सत्कार करायचा म्हणतात. रजा मिळेल का हो?”



“मिळाली,” तो म्हणाला.