काचेतला कोट

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मग पायऱ्या भरल्या, मग दारातले लोक एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावून बघू लागले. स्टेजवरचे दिवे मालवले आणि 'आरपार महाराज' म्हणवणाऱ्या बुवांनी काळ्या कापडाखालून एक काचेचा ठोकळा काढला. अर्ध्या विटेएवढा, स्वच्छ, सगळ्या बाजूंनी गुळगुळीत. तो त्यांनी एका छोट्या दिव्यावर ठेवला, बटण दाबलं, आणि काचेच्या पोटात एका म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. पांढरा, धुरकट, पण नाकडोळ्यांसकट. पहिल्या रांगेतली एक बाई "अहो!" म्हणून किंचाळली आणि उरलेल्यांच्या अंगावर काटा आला.

"हात फिरवा!" महाराज म्हणाले. "कुठे ओरखडा सापडतो का बघा. सांधा सापडतो का बघा. काचेला दार नाही, खिडकी नाही, मग माणूस आत शिरला कुठून? सांगा की! शिकलेसवरलेले लोक बसलेत इथे."

शिकलेसवरलेल्यांनी ठोकळा हातोहात फिरवला. एका निवृत्त इंजिनिअरने ठोकळ्यावर नख ओढून पाहिलं, मान डोलावली आणि सरळ महाराजांचे पाय धरले.

"अहो, गेलेल्या माणसालाही घर लागतं," महाराज म्हणाले. "आम्ही ते देतो. आरपार घर! गळती नाही, ओल नाही, वरच्या मजल्यावर शेजारी नाहीत."

लोक हसले. हसणारा माणूस शंका विचारायचं विसरतो, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

मधल्या रांगेत थोरली आईचा हात धरून बसली होती. थोरली म्हणजे दोन भावंडांतली मोठी. धाकटा नोकरीसाठी परगावी, त्यामुळे आई, आईची दुखणी आणि आईचे हट्ट हे सगळं हिच्या वाट्याला आलेलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. वर्गातल्या चाळीस पोरांना गप्प करणारी ही बाई घरी आईपुढे मात्र हात टेकायची. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. महाराजांच्या माणसांनी वडिलांचा फोटो 'ध्यानात ठेवायला' मागून नेला होता, आणि आज त्यांचा ठोकळा मिळायचा होता.

तो मिळाला. आईने तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि म्हणाली, "आले गं. खरंच आले."

थोरलीने वाकून पाहिलं. चेहरा बाबांचाच होता, वाद नाही. पण बाबांच्या अंगात कोट होता. कोट, आणि वर टायसुद्धा.

तिला हसावं की रडावं कळेना. बाबा आयुष्यभर लोकांचे नळ दुरुस्त करत हिंडले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पाना, हाच त्यांचा पोशाख. ते गेले तेव्हा धड एक फोटो घरात सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून फोटोवाल्याने त्यांचं तोंड कापून काढलं, खांद्यावरचा मामाचा हात पुसून टाकला आणि आपल्या पदरचा कोट-टाय चढवून चौकट करून दिली. तोच कोट, तीच टाय, टायची तीच वाकडी गाठ काचेत उतरली होती.

"आई, बाबांनी कधी कोट घातला होता का?" ती घरी आल्यावर म्हणाली. "हा फोटोवाल्याचा कोट आहे. आत्मा आला असता तर शर्टात आला असता. हे त्या फोटोवरून बनवलंय."

आईने ठोकळा पदराने पुसला. "वर गेल्यावर मिळाला असेल," ती म्हणाली. "इथे मेला कुणी दिला होता त्यांना?"



आईने नुसता ठोकळा जवळ ठेवला असता तर थोरलीने तिला काही म्हटलंही नसतं. पण आईला काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "डोळ्यातला दाब वाढून मागची नस मरत चाललीय. आजूबाजूची नजर गेलीच आहे, नळीतून बघावं तेवढी मधली उरलीय. थेंब सकाळ-संध्याकाळ, एकदाही चुकवायचे नाहीत. गेलेली नजर कुठल्याच औषधाने परत येत नाही." आई चालताना खुर्च्यांना धडकायची, पण समोर धरलेलं तिला दिसायचं. म्हणूनच तिला काचेतले बाबा दिसत होते.

आणि महाराजांचा नियम असा, की औषध म्हणजे अविश्वास. "ज्याचा भरवसा बाटलीवर, त्याच्याकडे आपलं माणूस कशाला थांबेल?" ते म्हणायचे. आईने संध्याकाळचा थेंब टाळायला सुरुवात केली होती. सकाळचा मात्र लेकीच्या धाकाने घालत होती.

मोर्चा नेऊन किंवा तक्रार करून आईला पटणार नाही, हे थोरलीला कळत होतं. तिला ती काच कशी होते ते दाखवायला हवं होतं. शोधत शोधत ती गावाबाहेरच्या एका कारखान्यात पोचली. तिथे बक्षिसांच्या ढाली बनत. लेसरने काचेच्या पट्ट्या कापत, पेल्यांवर नावं कोरत. कारखानदार बोलघेवडा होता. त्याने आधी एक पेला तिच्या हातात दिला. कोरलेलं नाव पांढरं, बोटाला खरखरीत लागणारं.

"हे वरचं काम," तो म्हणाला. "लेसरचा किरण काचेच्या पृष्ठभागावर एकवटला की तिथली काच तडकते, बारीक कपचे उडतात. पण तोच किरण भिंगातून पाठवून ठोकळ्याच्या आत एकवटला तर? वाटेतली काच त्याला नुसती पुढे जाऊ देते. जिथे सगळा किरण एका जागी गोळा होतो तिथेच टिंबाएवढा तडा जातो. मुलं उन्हात भिंग धरून कागद जाळतात ना? भिंग जळत नाही, मधली हवा जळत नाही, कागद जळतो. तसंच."

"आणि चेहरा?"

"अशी हजारो टिंबं. फोटो द्यायचा, कॉम्प्युटर टिंबं ठरवतो, यंत्र मारतं. बसा, तुमचाच करून देतो."

त्याने मोबाईलवर तिचा फोटो काढला. यंत्र झाकण लावून किरकिरत राहिलं. चहा पिऊन होईतो थोरलीच्या हातात ठोकळा आला, आणि आत थोरली होती, चष्म्यासकट. ठोकळा ज्या निळ्या मखमली डबीत घालून दिला, तशीच डबी महाराजांनी आईला दिली होती.

"तुमच्याकडे कुणी मेलेल्यांचे फोटो घेऊन येतं का?" तिने विचारलं.

"गठ्ठ्याने. आठवण म्हणून करून घेतात म्हणे."

"सभागृहात येऊन एवढंच सांगाल?"

त्याचा बोलघेवडेपणा तिथे आटला. "ताई, मी काच कोरतो," तो म्हणाला. "गिऱ्हाईक पुढे काय करतं ते मी विचारत नाही. मला यात ओढू नका."

थोरली त्याच्याशिवायच आईला घेऊन गेली. पुढच्या सभेत महाराज "काचेला दार नाही, खिडकी नाही" इथवर आले आणि ती उभी राहिली. वर्गाची सवय कामी आली. तिने स्टेजवर जाऊन आपला ठोकळा त्याच दिव्यावर ठेवला.

"यात कोण आहे बघा," ती म्हणाली. "मी आहे. आणि मी तुमच्यासमोर जिवंत उभी आहे. याला आत्मा लागत नाही, फोटो लागतो." मग तिने भिंगाचं, किरणाचं, टिंबांचं सगळं सांगितलं. कोटाची गोष्टही सांगितली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. एक मुलगी आपला ठोकळा खिडकीशी नेऊन निरखू लागली आणि "अगं, खरंच नुसती टिंबं आहेत," असं आपल्या आईला म्हणाली. दोन-चार माणसं उठून आपापल्या घरचे फोटो परत मागू लागली. थोरलीला वाटलं, जिंकलं.

महाराजांनी शांतपणे तिचा ठोकळा उचलला. बराच वेळ पाहिला. त्यांचे डोळे पाणावले. त्यांना वेळेवर पाणी आणता येत असे.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "काचेत गेलेली माणसंच येतात. तुझं घर आधीच तयार झालंय. तुझी वेळ जवळ आली, बाळ."

 मघाशी हसलेला माणूस हात जोडून उभा राहिला. फोटो मागणारे गुपचूप खाली बसले. मुलीच्या हातातला ठोकळा तिच्या आईने हिसकावून घेतला. आणि गर्दीतून थोरलीच्या आईचा हंबरडा ऐकू आला. खुर्च्यांना धडकत, लोकांच्या पायांवर पाय देत ती स्टेजकडे येत होती.

"काहीतरी उपाय सांगा, महाराज! पोर माझी अडाणी आहे, चुकली!"

"अहो, हा बनाव आहे!" थोरली ओरडत राहिली. "मला काही झालेलं नाही! आई, माझ्याकडे बघ!" पण शंभर माणसं एकदम घाबरली की एकटीचा आवाज कुठवर पुरणार? तिला दोघांनी दंडाला धरून बाहेर आणून सोडलं. उपाय काय सांगितला, हे तिला कळलंच नाही.

महाराज लवकरच दुसऱ्या गावी गेले. आई निमूटपणे वागू लागली. थेंबांची बाटली वेळच्या वेळी संपत होती, थोरली नवी आणून ठेवत होती. आपल्या बोलण्याचा थोडा तरी परिणाम झाला म्हणून तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी आई टेबलाशी बसली होती. समोर ठोकळा, खाली दिवा.

"अगं, दिवा लाव ना. हे दिसत नाहीत."

थोरली दारात थबकली. दिवा लागलेला होता. काचेत बाबा लख्ख दिसत होते. आईने ठोकळा उचलला, उलटा केला, दोन्ही हातांनी चाचपला. पण तडे सगळे आत, वरून काच गुळगुळीत. तिची बोटं नुसतीच घसरत राहिली.

"दिवा लागलाय, आई."

"मग गेले वाटतं." आईने ठोकळा खाली ठेवला. तिचा चेहरा शांत होता. "जाऊ दे. तू राहिलीस ना! महाराज म्हणाले होते, दोन्ही वेळचं औषध सोड, पोर वाचेल. मी रोज मोरीत ओतत होते. तू रागावशील म्हणून बोलले नाही."

थोरलीला रागावताही आलं नाही. ती आईच्या पायाशी बसली आणि लहान मुलीसारखी रडली. महाराजांना उघडं पाडायला म्हणून आपलाच चेहरा काचेत कोरून घेतला, तो आईच्या डोळ्यांवर बेतला, हे आता कुणाला सांगायचं? आईला तर मुळीच नाही. ती तर लेक वाचवल्याच्या समाधानात होती.

डॉक्टरांनी तपासलं. उजवा डोळा गेला होता. डाव्यात उजेड-अंधार आणि समोर हलणारा हात कळेल एवढंच उरलं होतं. ते टिकवायचं तर थेंब जन्मभर घालावे लागतील, असं ते म्हणाले.

लेसरने काच कोरणं ही सुंदर विद्या आहे. गेलेल्या माणसाचा चेहरा काचेत जपावासा वाटला तर जरूर जपावा, त्यात काही गैर नाही. पण त्या काचेला औषधपाण्याचा सल्ला विचारू नये. आणि कुणी म्हणालाच की माणूस स्वतःहून आत आला, तर त्याला एकच सांगावं: फोटो न घेता आणून दाखवा. त्याने भीती घातली, वेळ जवळ आली म्हणाला, रडून दाखवलं, तरी हाच प्रश्न पुन्हा विचारावा, आणि एकट्याला विचारू देऊ नये. शेजारच्याने उभं राहावं. त्या दिवशी सभागृहात दहा माणसं उभी राहिली असती तरी पुरलं असतं.

आता थेंब थोरली स्वतः घालते. आई अजून कुरकुरते.

"याने तुला काही होणार नाही ना गं? नक्की?"

"नाही होणार. मान मागे कर. वर बघ."

"वर काय आहे?"

"काही नाही, आई. छत आहे. डोळा उघडा ठेव."