बेटावर राहायला जाण्यापूर्वी

उल्हास पाटणकरला बायकोला एक गोष्ट विचारायची होती, म्हणून त्याने साठ माणसं जमवली.

यात हसण्यासारखं काही नाही. लग्न जुनं झालं की काही वाक्यं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोलायला जड जातात. 'शुभदा, हे किचनरचं घर विकू आणि लान्सारोतेला जाऊन राहू' हे वाक्य त्याने दोनदा जुळवून पाहिलं होतं. पहिल्या वेळी शुभदाने मिक्सर सुरू केला. दुसऱ्या वेळी मिक्सर बंद होता, शुभदा समोर होती, सगळं अनुकूल होतं, आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "चहा टाकू का?"

लान्सारोते हे स्पेनचं एक बेट, आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर. सगळं ज्वालामुखीतून निघालेलं, काळं कुळकुळीत, आणि थंडी म्हणून नाही. मागच्या मार्चमध्ये दोघं तिथे आठवडाभर राहून आली आणि तेव्हापासून उल्हासचं मन काही किचनर शहरात परतलं नाही. त्याला कॅनडाचा हिवाळा कधीच मानवला नव्हता. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून आत येऊन बूट काढावेत, तोच पालिकेची बर्फगाडी येऊन रस्त्यावरचा सगळा बर्फ आपल्याच दारात लोटून जाते, हा त्याला वैयक्तिक अपमान वाटे. चौदा वर्षांपूर्वी एका जानेवारीत विंटर टायर्स असूनही त्याची गाडी घसरून खड्ड्यात गेली होती. त्या दिवसापासून बर्फ पडला की चावी शुभदाकडे जायची.

आता कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली होती. मुलगी ऊर्मी व्हँकुव्हरला शिकायला गेली होती. राहता राहिली शुभदा. ती मूळची जळगावची, भौतिकशास्त्राची पदवीधर, आणि इथे गेली बरीच वर्षं एका ग्रोसरी स्टोअरच्या कॅश काउंटरवर. तिला काय, कुठेही करमेल, असं उल्हासने ठरवून टाकलं होतं. ठरवताना तिला विचारलं नव्हतं, एवढंच.

मग मराठी मंडळाच्या अध्यक्ष छायाताईंचा फोन आला. फेब्रुवारीच्या 'प्रवासकट्ट्या'ला वक्ता मिळत नव्हता. उल्हासच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विषय ठेवायचा, 'लान्सारोते : फिरायला जाणाऱ्यांसाठी आणि राहायला जाणाऱ्यांसाठी'. लोक फोटो बघून हरखतील, कुणीतरी म्हणेलच, "मग जाऊन राहा की तिथेच!", सगळे हसतील, शुभदाही हसेल, आणि त्या हसण्यात ती हो म्हणून जाईल.

हा बेत त्याने फोनवर ऊर्मीला सांगितला.

"बाबा, दॅट्स इनसेन," ती म्हणाली. "जस्ट आस्क हर!"

"अगं, थोडी वातावरणनिर्मिती लागते."

"आई इज नॉट युअर क्लायंट, बाबा."

पण उल्हास कुठला ऐकतोय! पुढचे दोन महिने तो स्लाइड्समध्ये आकंठ बुडाला. मध्ये एकदा शुभदा येऊन म्हणाली, "गुरुवारी माझा इंटरव्ह्यू आहे." स्टोअरमध्ये सुपरवायझरची जागा निघाली असणार, असं त्याने मनाशी धरलं आणि स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "ऑल द बेस्ट हं." ती क्षणभर थांबली आणि निघून गेली. पुढे त्या इंटरव्ह्यूचं काय झालं, हे विचारायचं राहूनच गेलं.

कार्यक्रमाच्या रविवारी सकाळपासून बर्फ पडत होता. तरी कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला. किचनरची मराठी माणसं बर्फाला भीत नाहीत, विशेषतः बटाटेवडे असतील तर. छायाताईंनी "वक्त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही" असं म्हणून सविस्तर ओळख करून दिली. शाल आणि नारळ झाला. शुभदा तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. उल्हासने घसा खाकरला.

आणि खरं सांगायचं तर, तो फार सुंदर बोलला. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी हे बेट सहा वर्षं धुमसत होतं, गावंच्या गावं लाव्ह्याखाली गेली, आणि उरलेल्या माणसांनी त्याच राखेत खड्डे करून द्राक्षं लावली, हे त्याने असं काही सांगितलं की मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. एकेका वेलीला एकेक खड्डा, वाऱ्याच्या बाजूला दगडांचा अर्धगोल बांध, आणि राख रात्रीचं दव धरून ठेवते म्हणून त्यावर वेल जगते. पांढरी घरं, हिरवी दारं, उंच इमारतींना सहसा परवानगीच नाही. हवा बारा महिने पुण्याच्या डिसेंबरसारखी. वारा मात्र असा की टोपी समुद्रात जाते. त्याची गेली होती.

मग वांग्याच्या भरताची गोष्ट आली. राष्ट्रीय उद्यानात डोंगराच्या पोटातल्या उष्णतेवर मांस भाजणारं उपाहारगृह आहे. शुभदाने आदल्या दिवशी बाजारातून एक दांडगं वांगं घेऊन ठेवलं होतं. ती थेट त्या भट्टीपाशी गेली आणि हातवारे करून आचाऱ्याला म्हणाली, भाजून दे. त्यानेही दिलं. मग जळगावच्या लेकीने पर्समधून हिरव्या मिरचीचा ठेचा काढला, आणि दोघांनी ज्वालामुखीवरचं भरीत बरोबर नेलेल्या पोळ्यांशी खाल्लं. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. "शुभदाताई, चव कशी होती?" कुणीतरी ओरडलं. "कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्याची सर नाही," शुभदाने जागेवरूनच निकाल दिला.

उल्हासला आता चढलीच. "त्या उद्यानात आपली गाडी नेऊ देत नाहीत," तो म्हणाला. "त्यांच्याच बसमधून फिरवतात. रस्ता जेमतेम बसच्या रुंदीचा, कठडा नाही, एका बाजूला लाव्ह्याची भिंत आणि दुसऱ्या बाजूला खोल विवर. आमची ड्रायव्हर पन्नाशीची एक बाई होती. मी तर एक फोटो काढला आणि डोळे मिटून घेतले. पण आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा बघा."

ही त्याची शेवटची स्लाइड. बसच्या खिडकीपाशी बसलेली शुभदा. ओठ किंचित उघडे, डोळे चमकणारे, चेहऱ्यावर असा आनंद की बघणाऱ्याला वाटावं, या बाईला कुणी आत्ताच काहीतरी भेट दिलीय. उल्हासने हा फोटो वर्षभर फोनमध्ये जपला होता. त्याचा सगळा बेत या एका चेहऱ्यावर उभा होता. किचनरमध्ये तिचा असा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता.

"याला म्हणतात बेटाची जादू," तो म्हणाला, आणि प्रश्नांना सुरुवात झाली.

सार्थक नावाच्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, तिथे स्टुडंट्सना पीआर इझिली मिळतो का?" कायम राहण्याचा परवाना तिथे असा सहज मिळत नाही, असं कळल्यावर तो वड्यांकडे वळला. एका काकूंना ज्वारीचं पीठ मिळतं का ते हवं होतं. स्नो टायर्स लागत नाहीत हे ऐकून हॉलने सामुदायिक सुस्कारा सोडला. आणि मग, अगदी ठरवल्यासारखे, पहिल्या रांगेतले जनार्दनकाका उठले.

"अरे उल्हास, एवढं कौतुक करतोयस, तर मग जाऊन राहा की तिथेच!"

सगळे हसले. "माझी तयारी आहे हो काका," तो म्हणाला. "पण हायकमांडला विचारायला हवं."

साठ माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. शुभदा हसत नव्हती. ती उठून उभी राहिली, आणि तिने आधी पडद्यावरच्या स्वतःकडे पाहिलं.

"वक्त्यांनी फार छान माहिती दिली," ती म्हणाली. "फक्त एक दुरुस्ती करते. त्या फोटोत मी ज्वालामुखी बघत नाहीये. मी त्या ड्रायव्हर बाईंकडे बघतेय."

काही माना पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"एवढी मोठी बस त्या वळणावरून त्या अशा काढत होत्या, जशी मी पोळी लाटते. घाई नाही, भीती नाही. मागे पन्नास माणसं जीव मुठीत धरून बसलीत आणि या बाई शांत. मला वाटलं, हे मला करायचंय. मला जमेल. आल्यावर मी सिटी बससाठी अप्लाय केलं. दोन इंटरव्ह्यू झाले, रोड टेस्ट झाली. शुक्रवारी त्यांचा फोन आला. एप्रिलपासून ट्रेनिंग आहे." मग तिने उल्हासकडे पाहिलं. "तुला घरी सांगणारच होते. पण तू स्लाइड्स करत होतास."

टाळ्या छायाताईंनी सुरू केल्या. मग जे काही झालं त्याला गलका म्हणतात. बायकांनी शुभदाला घेरलं, कुणीतरी तिला खुर्चीवर उभं राहायला लावलं, जनार्दनकाकांनी म्हातारपणी फुकट प्रवासाची सोय झाली म्हणून जाहीर करून टाकलं.

उल्हास लॅपटॉपपाशी उभा होता, खांद्यावर शाल, हातात नारळ. त्याला वाईट वाटलं. रागही आला, साठ माणसांत असं सांगतात का? पण साठ माणसं कुणी जमवली होती, हे आठवल्यावर राग जिरला. पडद्यावर तो चेहरा तसाच होता. वर्षभर आपण हा फोटो बघत होतो आणि ती काय बघतेय हे एकदाही विचारलं नाही, या गोष्टीची त्याला मनापासून लाज वाटली.

बाहेर घोट्याएवढा बर्फ साचला होता. चावी नेहमीप्रमाणे शुभदाकडे गेली. उल्हास शेजारी नारळ मांडीवर घेऊन बसला. पुढची एक गाडी चौकात घसरली आणि तिरकी झाली. शुभदाने ब्रेकवर पाय आदळला नाही, स्टिअरिंग जरासं वळवलं आणि बाजूने अलगद पुढे निघाली.

"असल्या दिवशीसुद्धा बस काढायची?" त्याने विचारलं.

"असल्या दिवशीच तर लोकांना बस लागते."

उल्हासने नारळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. मग तो म्हणाला, "मी आज काय विचारणार होतो, ते तुला ठाऊक होतं?"

"डिसेंबरपासून. ऊर्मीच्या पोटात काही राहतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. म्हटलं, आज विचारेल, उद्या विचारेल." ती समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली. "तू काही विचारेनास, म्हणून मीही काही सांगेना. आपण दोघंही महामूर्ख. आता विचार हवं तर. इथे कुणी नाहीये."

उल्हासने तिच्याकडे वळून पाहिलं. सिग्नलच्या लाल उजेडात तिचे हात स्टिअरिंगवर सैल होते, ओठ किंचित उघडे, डोळे रस्त्यावर. तोच चेहरा होता. हुबेहूब तोच, आणि ज्वालामुखी जवळपास कुठेही नव्हता. किचनरच्या रस्त्यावर, भर फेब्रुवारीत, चौदा हिवाळे हा चेहरा उल्हासच्या शेजारीच बसलेला असणार, आणि हा डोळे मिटून घेत असणार.

बेट आठवलं. राखेतल्या वेली आठवल्या. जरा दुखलंच.

"विचारतो," तो म्हणाला. "तुझी पहिली बस कुठल्या स्टॉपवरून सुटणार?"