घरी माणसं किती

बर्फाच्या पेटीतला टॉवेल त्याने पिळला, पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला, आणि मग त्याला आठवलं की तो बायकोला देता येणार नाही. ट्रायथलॉनचा नियमच तसा होता. पाणी घ्यायचं ते आयोजकांच्या टेबलावरून. घरच्या माणसाने नुसता हात धरला तरी स्पर्धक बाद. टॉवेल त्याने स्वतःच्याच मानेवर टाकला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

ऊन मी म्हणत होतं. पहाटे तळ्यात पोहून, मग दुपारपर्यंत सायकल मारून बायको आता तळ्याभोवतीच्या डांबरी रस्त्यावर फेऱ्या मारत होती. धावत होती म्हणायचं, इतकंच. तिच्यादेखत दोन तरणेबांड गडी स्ट्रेचरवरून गेले होते. थोरल्या मुलाची माळ्यावर पडलेली सायकल तिने एक दिवस खाली काढली, तेव्हापासून हे वेड तिच्या डोक्यात शिरलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात ती शेवटच्या फेरीत अडखळली आणि याने धावत जाऊन तिला धरलं. पाय जरासा मुरगळला होता, बाकी ती धडधाकट होती. स्पर्धा तिथंच संपली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही, वर्षभर पहाटे उठून गुपचूप सराव करत राहिली. यंदा मात्र निघताना बजावलं, माझं डोकं ठिकाणावर नसेल तरच हात लावायचा.

डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे बघायची रीत त्याच्याकडे होती. तो लिफ्टचा मेकॅनिक. कुणी मध्येच अडकलं की दार उघडेपर्यंत तो फटीतून प्रश्न विचारत राहायचा. नाव काय, सकाळी काय खाल्लं, घरी माणसं किती. उत्तरं भलतीच यायला लागली की समजायचं, आतला माणूस आता टिकत नाही. तेच इथंही ठरलं. दर फेरीला एक प्रश्न. उत्तर चुकलं तर तो धरणार, आणि तिने चकार शब्द काढायचा नाही.

पहिल्या फेरीला, तिने नाश्त्याला काय खाल्लं ते त्याने विचारलं.

"तुमचं डोकं," ती म्हणाली आणि पुढे गेली. त्याला हायसं वाटलं.

दुसऱ्या फेरीला शेजारच्या कुत्र्याचं नाव विचारलं. तिने बरोबर सांगितलं, पण चार पावलं पुढे जाऊन. ओठ पांढरे पडले होते. तिने दमानं घ्यावं, टोपी भिजवावी, असं तो मागून ओरडत राहिला. उंटावरून शेळ्या हाकू नका, असं छत्रीखाली बसलेली धाकटी लेक म्हणाली, पण तिचंही लक्ष रस्त्यावरच होतं.

मग बराच वेळ बायको आलीच नाही. तिच्या मागचे आले, त्यांच्याही मागचे आले. एकाला त्याने विचारलं, पण त्या बिचाऱ्याला बोलवत नव्हतं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्याला आज कळत होतं. स्ट्रेचरवाले सावलीतून उठले की तो रस्त्यावर दोन पावलं पुढे जायचा.

शेवटी ती वळणावर दिसली. चालत होती. एक खांदा खाली गेलेला, गालांवर मिठाचे पांढरे ओघळ. त्याने मनात जुळवून ठेवलेले प्रश्न सगळे पळाले आणि तोंडातून सवयीचाच निघाला.

"घरी माणसं किती?"

"चार."

तीन. तो, ती आणि धाकटी. थोरल्याने लिफ्टच्या धंद्याला नाही म्हटलं, शब्दाने शब्द वाढला, आणि तू या घरात नाहीसच असं समजेन, असं तो मुलाला बोलून बसला. त्याला दोन वर्षं झाली. तो शब्दाचा पक्का. तिकिटं काढताना तीन, ताटं मांडताना तीन, कुणी विचारलं तरी तीन.

त्याचा हात पुढे झाला आणि तिच्या कोपराशी थांबला. कोपरावरून घाम टपकत होता. तीही थांबली होती. डोळे तांबारलेले होते, पण भरकटलेले नव्हते. ती त्याच्याकडेच बघत होती.

"चुकलं?" तिने विचारलं. "चुकलं असेल तर धरा मला."

दोघं तशीच उभी राहिली. टेबलावरची मुलगी पाण्याचा पेला पुढे करून तिला हाका मारत होती. वेळ तिचाच जात होता, आणि तरी ती हलत नव्हती.

त्याने हात मागे घेतला.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

ती गेली. पेला घेऊन अर्धा डोक्यावर ओतला, आणि फरफटत का होईना, धावू लागली. वळणापर्यंत त्याने डोळ्यांची पापणी लवू दिली नाही.

धाकटी छत्री टाकून धावत आली. आई काय म्हणाली, ठीक आहे ना, नीट उत्तर दिलं ना, एकामागून एक विचारत सुटली.

"तिचं डोकं ठिकाणावर आहे," तो म्हणाला. मानेवरचा टॉवेल काढून त्याने पिळला. तो केव्हाच कोरडा झाला होता. "दादाचा नंबर अजून तोच आहे का गं?"

धाकटीने नंबर लावला आणि फोन त्याच्यापुढे धरला. त्याचे तळवे घामाने भिजले होते. ते त्याने आधी शर्टाला पुसले.