चाळीस हात अंगण

"फिरव," दोरवाला लांबून म्हणाला. "हात थांबवू नकोस."

दोरवालिणीनं चाकाची मूठ धरली होती, पण हात चालेना. अंगण एकशेवीस हात लांब. या टोकाला ती आणि चाक, त्या टोकाला नवरा. तीन पेडांची टोकं कमरेच्या पट्ट्यात अडकवून, सगळा भार मागं टाकून तो उभा होता. एवढ्या लांबून माणसाच्या तोंडावरचं काय दिसणार? पण पंचवीस वर्षं दोघांनी असं समोरासमोर उभं राहून दोर वळले होते. त्यानं श्वास कधी घेतला आणि कधी सोडला, हे तिला इथून कळायचं. आत्ता तो डावा पाय उचलत होता, टेकवत होता, पुन्हा उचलत होता.

"मुंग्या का?"

"मुंग्याच. तू फिरव."

दोर नावेचा होता. नदीवर पलीकडे माणसं नेणारी नाव ज्या दोराला धरून चालते, तो. ऐंशी हात. अख्ख्या टापूत एवढा लांब सलग दोर वळणारा हा एकच, कारण एवढं लांब अंगण दुसऱ्या कोणाकडं नव्हतं. पीळ भरला की पेड आखडतात, मग ऐंशी हात दोर हवा तर पेड एकशेदहा-एकशेपंधरा हातांचे ताणावे लागतात. चार दिवस घायपाताचा वाख सोलून, विंचरून, कातून ते तीन पेड तयार झाले होते. आता त्यांचा एक दोर होत होता. अशा वेळी कमरेचा ताण सुटला, तर पीळ सापासारखा उलटा फिरतो आणि चार दिवसांच्या मेहनतीचा गुंता हातात येतो. दोर जसा आखडेल तसं वीतभर वीतभर पुढं सरकायचं, तेही त्याच्या चालीनं. घाई करून चालत नाही.

म्हणून तो सरकत होता वीतभर वीतभर, आणि त्याच्या पायाखाली वारुळंच वारुळं होती.

दोरवाला जन्मभर अनवाणी चाललेला माणूस. वाख कातताना उलटं चालावं लागतं, तेव्हा जमीन पायाला कळावी लागते. पण या मुंग्या आल्यापासून बायकोनं त्याला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्यायला लावले होते. मुंग्या बुटावरनं चढल्या आणि वरून आत उतरल्या. आता बूट काढता येईना, पाय झटकता येईना.

"सोडा," ती म्हणाली. "जाऊ दे तो दोर."

"फिरव म्हणतो ना."

तिनं फिरवलं. नवऱ्याचं ऐकायची सवय, दुसरं काय. पाव तास तिनं चाक फिरवलं आणि त्या पाव तासात त्याची मान लाल झाली, मग गाल सुजले. दोर पुरा झाला तेव्हा त्यानं तो स्वतःच्या हातानं खुंटीला अडकवला, गाठ मारली, गाठ ओढून बघितली आणि मग तो खाली बसला. ती धावत पोचेपर्यंत तो आडवा झाला होता. बूट ओढून काढले तर पाय दिसेना, नुसत्या मुंग्या.

दवाखान्यात डॉक्टरनं दोन इंजेक्शनं लागोपाठ दिली. श्वास लागला होता तो हळूहळू खाली बसला.

"याच्या अंगाला हे विष सोसत नाही," डॉक्टर म्हणाला. "आज वेळेत आणलंत. पुढच्या वेळी दहा-वीस मुंग्या चावल्या तरी इथवर पोचेल असं मी सांगू शकत नाही."

या मुंग्या गावच्या नव्हत्या. तांबड्या, बारीक, दिसायला काहीच नाही, पण डसल्या की निखारा ठेवल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी पांढरा फोड येतो. लोक त्यांना आग्या मुंग्या म्हणायला लागले होते. त्या आल्या शेजारून. शेजारी दोरवाल्याचा चुलत भाऊ, बाजारात धान्य मोजणारा मापाडी. बाजारातली सांडलवंड, भिजलेलं, कुजलेलं धान्य तो पोत्यांत भरून आणायचा आणि मागच्या अंगणात रचून ठेवायचा. वाळवून जनावरांच्या खाद्याला विकायचा. कुठल्याशा पोत्यातनं मुंग्या आल्या आणि पोत्यांखाली त्यांनी राज्य मांडलं. तिथनं कुंपणाखालून दोरवाल्याच्या अंगणाच्या टोकाला.

दोरवालिणीनं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. उकळतं पाणी ओतलं. राख टाकली. रॉकेल ओतलं, तर तिथं गवत उगवायचं बंद झालं आणि मुंग्या चार हात सरकून पुन्हा वर आल्या. मग तालुक्याचा फवारणीवाला आणला. त्यानं अंगणात औषध मारलं, त्यात त्या महिन्याचा किराणा गेला. महिनाभर अंगण साफ राहिलं. पुढच्या महिन्यात एका सकाळी बघते तर सोळा वारुळं. तिनं मोजली होती.

नवरा दवाखान्यातनं घरी आल्यावर तिनं फवारणीवाल्याला पुन्हा बोलावलं. त्यानं कुंपणावरनं पलीकडे डोकावून बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"बाई, मागच्याच वेळी सांगितलं होतं. राण्या तिकडं आहेत. तुम्ही इकडं मारा, तिकडच्या इकडं येणार. दोन्ही अंगणांत एका दिवशी दाणेदार औषध टाकायचं. मुंग्या ते खाणं समजून आत नेतात, राणीला भरवतात. मग मुळासकट जातात. पण ती पोती आधी हलली पाहिजेत."

"खर्च?"

त्यानं आकडा सांगितला. नावेच्या दोराचे जेवढे पैसे आले होते, जवळपास तेवढाच.

ती मापाड्याकडं गेली. तो ओट्यावर चहा पीत बसला होता. तिला बघून त्यानं लगेच जागा करून दिली, आत बघून आणखी एक कप सांगितला. तसा तो बोलायला गोड.

"भाऊजी, औषध दोन्हीकडं टाकावं लागणार. पैसे सगळे आमचे. तुम्ही फक्त फाटक उघडा आणि पोती हलवा."

"हलवतो की. पण ठेवू कुठं, वहिनी? तुम्हीच सांगा."

ती ओट्याच्या कडेला टेकली.

"तुमच्या अंगणाचं ते मागचं टोक माझ्या भिंतीला लागून आहे," मापाडी म्हणाला. "चाळीस हात. तेवढं मिळालं तर पत्र्याचं गोदाम घालतो. पोती कोरडी राहतील, मुंग्या होणारच नाहीत. दादाला तीन वर्षं म्हणतोय."

"तिथंच तर हे दोर ताणतात."

"आता ताणणार आहे का? डॉक्टर काय म्हणाले ते कळलंय मला."

जाऊ चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. "आम्हाला नाही हो चावत," ती म्हणाली. "आमच्याकडं फरशी आहे ना."

"माणूस जाईल, भाऊजी," दोरवालीण म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो, उशीर करू नका." त्यानं कप तिच्याकडं सरकवला. "घ्या, गार होतोय."

तिनं तो चहा प्यायला. पुढं कितीतरी दिवस तिला त्या चहाचीच लाज वाटत राहिली.

घरी नवरा पडून होता. डोळे सुजून मिटलेले, पायाला पट्ट्या. डाव्या पायाच्या फोडांत पू झाला होता. तिनं भीतभीत विषय काढला.

"टोक मागतोय ना तो?" नवरा म्हणाला. "मला वाटलंच. देऊ नकोस."

"पण तुमच्या जिवाचं काय?"

"ऐंशी हात अंगणात काय होतं? दावी होतात. गाय बांधायची दावी कोणीही वळतं. माझ्याकडं लोक नदीवरनं येतात. टोक गेलं तर कशाला येतील?" कुशीवर वळत म्हणाला, "मी गेलो तर मग काय ते कर."

तिनं त्याच्याकडं बघितलं. बरं होणारं माणूस हा, चार दिवसांत उठणार, आणि उठला की बूट घालून पुन्हा त्याच टोकाला जाऊन उभा राहणार. कोणाच्या बापाचं ऐकणार नाही. हे तिला स्वतःच्या हातावरच्या रेषांसारखं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मापाड्यानं चाळीस हातांचा लिहिलेला कागद तिला दिला, दोन साक्षीदारांच्या सह्या आधीच घेऊन. ती कागद आणि शाईचा डबा घेऊन नवऱ्याच्या उशाशी बसली.

"अहो, अंगठा लागतोय."

"कशाला?"

"फवारणीवाल्याचा कागद आहे. औषध विषारी असतं म्हणे, मालकाची संमती पाहिजे."

"आपल्या अंगणापुरतीच ना?"

"हो."

त्यानं हात पुढं केला. अंगठाही सुजला होता, ठसा केवढा तरी उमटला. तिनं फडक्यानं शाई पुसली, नीट, नखाच्या कडेपर्यंत. मग कागद पदराखाली घेऊन ती मागच्या दारानं बाहेर पडली.

मापाड्यानं शब्द पाळला. पोती हलवली, फाटक उघडलं. फवारणीवाल्यानं दोन्ही अंगणांत पिवळट दाणे शिंपडले आणि तीन दिवस कोणी पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावून गेला. दोरवालीण मागच्या दारात बसून बघत राहिली. मुंग्या आल्या, दाणे हुंगले, उचलले आणि रांगेनं घेऊन चालल्या. एकमेकींना वाट देत, घाई न करता. सहाव्या दिवशी रांगा विरळ झाल्या. तिसऱ्या आठवड्यात तिनं काठी घेऊन एक वारूळ उकरलं. कोरडी माती पडली, आत कोणी नव्हतं.

नवऱ्याच्या पायाची जखम चिघळली होती, डाव्या पायाची करंगळी डॉक्टरला काढावी लागली. तो महिनाभर खाटेवर होता. मागं ठोकाठोक चालू झाली.

"कसला आवाज?"

"भाऊजी छप्पर घालतायत. पोत्यांना."

"उशिरा का होईना, अक्कल आली," तो म्हणाला.

ती चूल फुंकत राहिली.

तो चालायला लागला त्या दिवशी सकाळी वाख कमरेला गुंडाळूनच मागच्या दारातनं बाहेर आला. ती चाकाजवळ उभी होती. सांगायचं तिनं महिनाभर ठरवलं होतं आणि रोज उद्यावर टाकलं होतं. आता सांगायला काही उरलं नव्हतं. समोर, ऐंशी हातांवर, नवा पत्रा उन्हात चमकत होता.

तो लंगडत तिथवर गेला. पत्र्यावर तळहात टेकला. मापाडी गोदामाच्या बाजूनं बाहेर आला.

"बरं वाटतंय ना, दादा? बघ, एक मुंगी उरली नाही."

"हे काय आहे?"

"म्हंजे?" मापाडी जरा गोंधळला, तिच्याकडं बघितलं, मग सगळं समजून हसला. "कागद झालाय की. तुझा अंगठा आहे, दादा."

दोरवाल्यानं स्वतःचा अंगठा उलटापालटा करून बघितला. तिथनं तो पावलं मोजत परत आला, चाकापर्यंत. ती पदर हातात घेऊन उभी.

"तुम्ही गेला असता," ती म्हणाली. "तुम्ही ऐकत नव्हता. मी काय करायचं होतं?"

त्यानं वाखाची बट चाकाच्या आकड्याला अडकवली आणि उलटं चालायला लागला. ती चाक फिरवायला बसली. त्या दिवशी दहा दावी झाली.

त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. भांडला असता तर तिनं भांडून घेतलं असतं. हात उगारला असता तरी तिनं सोसला असता, त्यासाठी ती तयार होती. पण तो ताटावर बसायचा, जेवायचा, उठायचा. काम करताना दोघं समोरासमोर, आधीपेक्षा कितीतरी जवळ, आणि मध्ये दाव्याची कातलेली दोरी. तिनं एकदा रडून बघितलं. तो चाक थांबलं म्हणून उभा राहिला, तिचं रडणं संपेपर्यंत दुसरीकडं बघत, आणि चाक फिरलं तसा चालायला लागला.

अठरा दिवस असे गेले. एकोणिसाव्या दिवशी बाजार होता. दोघांनी दावी घेऊन रस्त्याकडेला फडकं अंथरलं. दुपारच्या सुमाराला नावाडी आला. दोरवाल्याला बघून खाली उकिडवा बसला.

"दोर झकास निघालाय," तो म्हणाला. "वरच्या धक्क्यावरच्यालाही तसाच पाहिजे. ऐंशी हातच म्हणतोय."

"जमणार नाही," दोरवाला म्हणाला.

दोरवालिणीनं मान वर केली. अठरा दिवसांत तिनं त्याचा आवाज ऐकला नव्हता.

"का बरं?"

"अंगणात मुंग्या झाल्या होत्या."

"मुंग्याच ना? औषध टाकायचं मग."

"टाकलं."

"मेल्या नाहीत?"

"मेल्या की," दोरवाला म्हणाला. "एकूणएक मेल्या."

नावाड्याला काही उमजेना. त्यानं याच्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. ती खाली बघून दाव्यांच्या जुड्या बांधत होती, बांधलेली सोडून पुन्हा बांधत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून नावाड्यानं त्यातली एक जुडी उचलली.

"ही कशी दिली?"

भाव सांगायचं काम नेहमी नवऱ्याचं. तिनं त्याच्याकडं बघितलं. तो रस्त्याकडं बघत होता, जणू हा माल त्याचा नव्हताच आणि तो सहज सावलीला येऊन बसला होता. नावाडी जुडी हातात घेऊन थांबला होता.

तिनं घसा साफ केला आणि भाव सांगितला.