सातवा आजार

कायदेमंडळाच्या कचेरीत बाई बावीस वर्षं टायपिंग करत होत्या. कायदा कुणीही करो, बोटं बाईंचीच लागतात, असं साहेब गमतीनं म्हणत.

या खेपेचा कायदा मात्र घरचाच होता. मोठ्या दुखण्यांच्या रुग्णांना गांजाचं औषध रीतसर मिळावं म्हणून बाईंच्या नवऱ्यानं चाकाच्या खुर्चीतून दारोदार फिरून दोन वर्षं सह्या जमवल्या होत्या. ते सुतार, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. नसांच्या आजारानं पायांत असे पेटके येत की ओठ चावून चावून रक्त निघे. कुणी 'गांजावाले' म्हणून चिडवलं, तर हा पठ्ठ्या म्हणायचा, "मग आधी सही करा, झुरका नंतर." मसुद्यात दहा आजार होते. सातवा मिस्त्रींचा.

मतदानाच्या आदल्या दुपारी साहेब टेबलापाशी आले. "बाई, सात ते दहा काढा. पहिल्या सहांवर तडजोड झालीय, नाहीतर सगळंच बारगळतंय."

बाईंनी आठ, नऊ, दहा काढले, सात तसाच ठेवला आणि प्रत तपासनिसाकडे दिली. एवढ्या नोकरीतली ही त्यांची पहिली लबाडी, आणि तीही धड जमली नाही. तपासनीस ओळीखाली पट्टी धरून वाचणारा माणूस. "बाई, सात राहिलाय," तो हळूच म्हणाला.

साहेब तिथेच होते. रागावले नाहीत. "मिस्त्रींना सकाळीच फोन केला होता," ते म्हणाले. "काढा म्हणाले."

बाईंनी सात काढला.

संध्याकाळी चप्पलही न काढता त्या मिस्त्रींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला विचारायचं तरी होतं."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"त्या सहांत लहान मुलं आहेत गं. दिवसाला दहा-दहा झटके येतात त्यांना."

"असू देत. मला तुम्ही हवे आहात."

हे बोलल्याची बाईंना लाज वाटली नाही. मिस्त्री काहीतरी समजूत घालणार, तेवढ्यात पेटका आला. बाई खाली बसल्या आणि अंगाचा सगळा भार टाकून त्यांनी मिस्त्रींचे गुडघे दाबून धरले. मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"उद्या पास होईल ना?" दात आवळून त्यांनी विचारलं.

"होईल," बाई म्हणाल्या. आणि त्याच क्षणी, आयुष्यात पहिल्यांदाच, आपण टाइप केलेला कायदा पडावा असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.