ॲग्नेस आजींचं आधीचं नाव

सुनेत्राताईंनी चांदीच्या ताटात तांदूळ ओतले आणि तळहाताने सारखे केले. उद्या सकाळी चर्च, संध्याकाळी मंगलाष्टकं. त्यानंतर त्यांच्या मुलाने, कुशने, याच तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं होतं. ‘इशिता’ हे नाव ताईंनी कधीचं पक्कं करून ठेवलं होतं, पण सरप्राइज म्हणून त्याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

नवरीच्या आजी, ॲग्नेस, ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. परवाच झांबियाहून इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत उतरलेली, भारी गोड बाई! पोळी काही गोल होत नव्हती, पण हौस दांडगी.

“हे कशासाठी?” आजींनी इंग्रजीत विचारलं.

“लग्नात आम्ही मुलीला नवं नाव देतो,” ताईही आपल्या इंग्रजीत म्हणाल्या. “नेओमी आता आमची झाली ना.”

आजी हसल्या. “मलाही दिलं होतं, मिशनच्या शाळेत. सिस्टरनी मला वाचायला शिकवलं. मलेरिया झाला तेव्हा उशाशी बसून राहिल्या. त्यांच्या कबरीवर आम्ही अजून फुलं ठेवतो. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी मला स्वतःच्या आईचं नाव दिलं.”

“म्हणजे लाडानंच दिलं की.”

“लाडानंच. म्हणून तर नको म्हणता आलं नाही.”

ताईंचा तांदळावर फिरणारा हात थांबला.

“आधीचं काय होतं?”

“म्विला. आई होती तोवर ती हाक मारायची. मग संपलंच.”

तेवढ्यात कुश फोन घेऊन आत आला. “आई, गुरुजींचा मेसेज आहे. नेओमीचं नवीन नाव काय ठेवायचं?”

ताईंना क्षणभर अगदी जिवावर आलं. किती आवडलं होतं त्यांना ते नाव! मुलगी असती तर तिचं हेच ठेवलं असतं.

“त्यांना सांग, नाव बदलायचं कॅन्सल केलं. तू ताटात नेओमीच लिही.”

“शुअर? तू तर इतकी एक्साइटेड होतीस.”

“होते रे. पण तिला नाव आहे ना.”

कुश मेसेज टाइप करू लागला. आजींनी पिठाचे हात पुसले आणि ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

“आणि तुमचं?” त्यांनी हळूच विचारलं. “लग्नाआधीचं?”

हे ताईंना आजवर कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी पदर नीट केला, घसा साफ केला.

“पद्मिनी,” त्या म्हणाल्या.

कुशने फोनमधून मान वर केली.

“पद्मिनी कोण?”