भावनेला बळी पडू नका

लिफ्टवाल्या मावशी शंभरपैकी शंभर गुण मिळवून पास झाल्या, त्यांची नोकरी वाचली आणि त्याच दुपारी त्यांचा नवरा गेला. बरं, यातलं अजून काहीच झालेलं नाही. तूर्त मावशी कॉम्प्युटरसमोर बसल्या आहेत आणि पडद्यावर त्यांचं बँकखातं पुन्हा एकदा रिकामं झालं आहे.

"परत?" प्रशिक्षक म्हणाला. वयानं तो मावशींच्या मुलासारखा होता. मावशींना मूल नव्हतं, त्यामुळे त्याला कुणाशी ताडून बघायची सोय नव्हती.

"अरे, पण ती बाई रडत होती."

"रडणारच ना! ठग काय खिदळत फोन करतात? मावशी, भावनेला बळी पडू नका."

कचेरीतल्या प्रत्येकानं 'सजग नागरिक' हा कथाखेळ पार केलाच पाहिजे, असा आदेश निघाला होता. लिफ्ट वर न्यायला आणि खाली आणायला ऑनलाइन फसवणूक ओळखता यावी लागते, हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं; नव्या साहेबांच्या आलं. नापास होईल त्याला घरचा रस्ता. मावशींचा नवरा रंगारी, आणि रंगाऱ्याच्या कमाईवर घर चालत नाही, फार तर रांगतं.

खेळ सोपा होता. पडद्यावर गोष्ट वाचायची, पुढे काय करायचं ते निवडायचं. निवडाल तशी गोष्ट वळते. मत कसं द्यायचं, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, सगळीकडे मावशी पार. अडायच्या त्या एका दृश्यात. अनोळखी नंबरवरून फोन येतो: 'तुमच्या नवऱ्याला अपघात झालाय.' मग विचारपूस करायची, जायला निघायचं, की फोन कट करून नंबर ब्लॉक करायचा? मावशी विचारपूस करायच्या आणि लुटल्या जायच्या. एकदा थेट निघाल्या, तर जिन्यातच लुटल्या गेल्या.

"नवऱ्यालाच फोन लावून बघायचं, असं का नाही यात?"

"ते पुढच्या आवृत्तीत येणारे."

तसाही मावशींच्या नवऱ्याला फोन लागला नसता. त्याचा फोन रंगाच्या बादलीत पडून पिस्ता रंगाचा झाला होता, आणि तो दिवसभर ज्याच्या-त्याच्या फोनवरून बोलायचा. बायको अडलीय म्हटल्यावर शिकवणी त्यानंच अंगावर घेतली. गवंड्याचा, वॉचमनचा, रस्त्यानं चाललेल्या कुणाचाही फोन मागायचा आणि आवाज बदलायचा.

"हॅलो, पोलीस बोलतोय. तुमचा नवरा ट्रकखाली आलाय."

"अगं बाई! कुठे? कसा?"

"गेले पैसे! खुळे, कट कर म्हणून सांगितलं होतं ना?"

मग तो डॉक्टर झाला, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर झाला, एकदा तर नवऱ्याची दुसरी बायको होऊन रडला. आठवडाभरात मावशी 'हॅलो'च्या आत फोन कापायला लागल्या.

"शाब्बास!" रात्री जेवताना तो म्हणाला. "आता मी खरंच मेलो तरी कुणी तुला फसवू शकत नाही."

"जिभेला काही हाड?"

परीक्षेत नेमकं तेच दृश्य आलं आणि मावशींचा फोन वाजला. अनोळखी नंबर. सगळ्यांनी माना वळवल्या. प्रशिक्षकाला तर लॉटरीच लागली.

"उचला मावशी! स्पीकरवर टाका. प्रात्यक्षिकच होऊन जाऊ दे."

"अगं, मी बोलतोय." आवाज नवऱ्याचाच होता. "शिडी घसरली. खरंच गं. फोन नको ठेवूस…"

आज त्यानं आवाज बदलायचेही कष्ट घेतले नव्हते. पण धाप छान जमली होती. मावशींना कौतुक वाटलं.

"परीक्षेतसुद्धा सोडू नका मला," त्या हसत म्हणाल्या. "घरी या, मग बघते तुमच्याकडे."

कट. ब्लॉक. टाळ्या पडल्या. लगेच दुसऱ्या नंबरवरून फोन आला, कुणी बाई होती. मावशींनी तिचं 'हॅलो'सुद्धा पुरतं होऊ दिलं नाही. पुन्हा टाळ्या.

"बघा," प्रशिक्षक सगळ्यांना म्हणाला, "याला म्हणतात तयारी!"

शेवटी गवंडी स्वतः कचेरीत येऊन त्यांना घेऊन गेला. तोवर हॉस्पिटलातली नवऱ्याची खाट मोकळी झाली होती.

"अहो, किती फोन करायचे तुम्हाला?" नर्स म्हणाली. "मी अजून लावत होते, तर तेच म्हणाले, नका लावू सिस्टर, ती आता पक्की झालीय. हसलेसुद्धा जरा."

मावशी कामावर रुजू झाल्या तेव्हा लिफ्टमध्ये, बटणांच्या वर, त्यांचा फोटो लावला होता. खाली 'आदर्श सजग नागरिक' असं लिहिलं होतं. लोक वर जाताना अभिनंदन करायचे आणि खाली येताना, कुठूनतरी कळल्यामुळे, जिन्यानं यायचे.

अर्ज कसा लिहावा, हेही खेळात होतं. त्यातही मावशींना पूर्ण गुण होते, त्यामुळे त्यांच्या अर्जात खोट काढायला कुणाला जागा नव्हती:

'सदर परीक्षेतील माझे उत्तीर्ण होणे रद्द करून मला त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच खुर्चीवर पुन्हा परीक्षेस बसवावे, व मध्ये फोन आल्यास तो शेवटपर्यंत धरून ठेवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'